कागद खरा, चित्र खोटं

2000 सालच्या वसंतात न्यूयॉर्कच्या दोन मोठ्या लिलावगृहांनी, क्रिस्टीजने आणि सदबीजने, आपापल्या लिलावाच्या सूची तयार केल्या. दोन्ही सूचींमध्ये पॉल गोगँचं एकच चित्र होतं, फुलदाणीतल्या लायलॅकच्या फुलांचं. एकाच चित्राच्या दोन प्रती एकाच हंगामात विक्रीला आल्या होत्या. दोन्ही चित्रं पॅरिसच्या विल्डेनस्टाइन इन्स्टिट्यूटमध्ये गोगँच्या जाणकारांसमोर ठेवली गेली. क्रिस्टीजकडचं खोटं निघालं आणि त्यांनी ते मागे घेतलं. पुढे तपास यंत्रणा मागावर लागल्या आणि दोन्ही चित्रांची वाट एकाच माणसाच्या दारात पोचली. एली सखाई हा न्यूयॉर्कचा चित्रविक्रेता होता. तो लिलावांत नामवंत चित्रकारांची मधल्या फळीतली, फारशी चर्चेत नसलेली चित्रं रीतसर विकत घ्यायचा. मग त्यांची हुबेहूब नक्कल करून घ्यायचा. मूळ चित्रासोबत आलेलं अस्सल प्रमाणपत्र नकलेला जोडून ती दूर आशियात विकायचा आणि काही वर्षांनी मूळ चित्रासाठी नव्याने अभिप्राय मिळवून ते पश्चिमेत बाजारात आणायचा. 2004 साली त्याने गुन्हा कबूल केला, पुढच्या वर्षी 41 महिन्यांची शिक्षा झाली.

या प्रकरणात प्रमाणपत्रं खरी होती. सही खरी, शिक्का खरा, सही करणाऱ्याचा अभ्यास खरा आणि त्याने पाहिलेलं चित्रही खरं. फक्त तो कागद ज्या चित्रासोबत फिरत होता, ते चित्र वेगळं होतं. प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा का, या प्रश्नाचं माझं उत्तर इथूनच सुरू होतं. प्रमाणपत्र म्हणजे साक्षीदाराचा जबाब. जबाब कोणी दिला, त्याने काय पाहिलं, कधी पाहिलं, आणि तो ज्याच्याबद्दल बोलतोय ती वस्तू हीच आहे हे कशावरून, एवढं तपासल्याशिवाय कुठलंही न्यायालय जबाब मान्य करत नाही. चित्र विकत घेणारा माणूस मात्र नुसता सोनेरी कडेचा कागद बघून पैसे मोजतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही तपासणी फारशी अवघड नाही.

सगळ्यात आधी सही कोणाची आहे ते बघावं. बाजारात सर्वांत जास्त दिसणारं प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच दिलेलं असतं. त्याच्या लेटरहेडवर 'हे चित्र अमुक चित्रकाराचं मूळ काम आहे' अशी एक ओळ असते, खाली सही आणि कधीकधी चकचकीत होलोग्राम. विकणाऱ्याची लेखी हमी म्हणून हा कागद उपयोगी आहे, उद्या वाद झाला तर तो दाखवता येतो. पण चित्राबद्दल तो नवं काहीच सांगत नाही. चित्रकार हयात असेल तर त्याने स्वतः, चित्राच्या फोटोवर सही करून दिलेला कागद भक्कम धरावा. चित्रकार गेल्यानंतर मात्र गोष्ट गुंतागुंतीची होते. काही देशांत, विशेषतः फ्रान्समध्ये, कलाकाराचे नैतिक हक्क वारसांकडे जातात आणि त्या जोरावर मुलं-नातवंडं चित्रांना मान्यता देतात किंवा नाकारतात. वारसाहक्काने अधिकार मिळतो, नजर मिळतेच असं नाही. काही वारसांनी आयुष्यभर कागदपत्रं सांभाळली, प्रत्येक काम अभ्यासलं. त्यांचा शब्द सोन्यासारखा. काहींना चित्रकाराचा सहवाससुद्धा लाभलेला नसतो.

बाजार ज्याला खरोखर मानतो ती गोष्ट वेगळीच आहे: त्या चित्रकाराची समग्र सूची, जिला जगभर 'कॅटलॉग रेझोने' म्हणतात. एखादा अभ्यासक वीस-तीस वर्षं घालवून चित्रकाराचं प्रत्येक ज्ञात काम शोधतो. प्रत्येकाचा फोटो, माप, माध्यम, मालकीचा क्रम, प्रदर्शनं आणि छापील उल्लेख असं सगळं नोंदवून त्याला क्रमांक देतो. मोठं लिलावगृह चित्र हातात घेतलं की हा क्रमांक आधी विचारतं. चित्रकार मोदिल्यानीच्या बाबतीत अँब्रोजिओ चेरोनीची 1970 सालची सूची अजून प्रमाण धरली जाते. तिच्यात 337 चित्रं आहेत. त्या सूचीत नसलेली काही चित्रं अस्सल असणार हे जाणकारांना ठाऊक आहे, तरीही क्रमांक नसला की ती विकायला नाकी नऊ येतात. म्हणून कोणी प्रमाणपत्र पुढे केलं की पहिला प्रश्न हाच करावा, की या चित्रकाराच्या बाबतीत बाजार सध्या कोणाचा शब्द मानतो, आणि ही सही त्याची आहे का? माणसं बदलतात, समित्या बरखास्त होतात, एकेकाळी मानला जाणारा अभ्यासक पुढे बदनाम होतो. तीस वर्षांपूर्वी चालणारं नाव आज चालेलच असं नाही.

आता कागद हातात घ्या. त्यावर चित्राचं नाव, माध्यम, आधी उंची आणि मग रुंदी अशा क्रमाने सेंटीमीटरमधलं माप, साल, सही कुठल्या कोपऱ्यात आणि कशी आहे, मागच्या बाजूला काय लिहिलंय, चित्राचा फोटो, अभिप्राय देणाऱ्याचं पूर्ण नाव आणि तारीख, एवढं असायलाच हवं. त्याने चित्र प्रत्यक्ष पाहिलं की फोटोवरून मत दिलं, हेही लिहिलेलं असावं. फोटोवरून दिलेलं मत आणि पोटातलं दुखणं फोनवरून ऐकून दिलेलं औषध यांच्यावर सारखाच भरवसा ठेवावा. माप स्वतः टेप लावून घ्यावं. काही मिलिमीटरचा फरक चालतो, कारण कॅनव्हास पुन्हा ताणला की कड थोडी सरकते. दोन सेंटीमीटरचा फरक निघाला तर त्याचं कारण मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग कागदावरचा फोटो आणि समोरचं चित्र शेजारी ठेवून बघावं. विषय, रंग, रचना यांच्याकडे बघू नका, नक्कल करणाऱ्यानेही तिथेच मेहनत घेतलेली असते. योगायोगाने घडलेल्या गोष्टी शोधा. कॅनव्हासच्या विणीतली एखादी जाड गाठ, रंगाच्या जाड थरात अडकलेला ब्रशचा केस, कोपऱ्यात उडालेला टवका, भेगांची जाळी. भेगा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. आकाशाच्या एका चौकोनी इंचातल्या भेगा जुन्या, चांगल्या फोटोतल्या भेगांशी जुळल्या तर चित्र तेच आहे. आणि जुन्या फोटोत दिसणारी भेग आज गायब असेल, तर डागडुजीचा लेखी अहवाल मागावा. सखाईचे ग्राहक एवढं करू शकले असते, तर ते वाचले असते.

कागदाचंही वय असतं. साधारण 1950 पासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालू लागले, जे अतिनील प्रकाशात निळसर पांढरं चमकतं. खोली पूर्ण अंधारी करून 365 नॅनोमीटरचा टॉर्च 1930 सालच्या प्रमाणपत्रावर मारावा. कागद ट्यूबलाइटसारखा उजळला तर तो 1930 चा नाही. हीच परीक्षा चित्रामागच्या लेबलांनाही लावता येते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली टंकलेखन यंत्राची अक्षरं कागदात रुतलेली दिसतात, तर लेझर प्रिंटरची काळी भुकटी पृष्ठभागावर वितळून बसलेली दिसते. लेटरहेडवरचा पत्ताही वाचावा. अमेरिकेत पत्त्याला पाच आकडी झिप कोड जोडायला 1963 साली सुरुवात झाली. 1958 सालच्या पावतीवर तो छापलेला असेल, तर अधिक काही शोधायची गरज नाही.

यानंतर चित्र उलटं करावं. माझ्या मते चित्राची पाठ ही चित्राच्या तोंडापेक्षा जास्त बोलते, आणि नकली चित्रांच्या बहुतेक खरेदीदारांनी ती नीट पाहिलेलीच नसते. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो, ती स्ट्रेचरची चौकट, तिचे सांधे, कोपऱ्यातल्या पाचरी, खिळे, सगळ्यांना आपापला काळ असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅनव्हास छोट्या लोखंडी खिळ्यांनी ठोकायचे, स्टेपल नंतरच्या. स्टेपल दिसली म्हणून चित्र खोटं ठरत नाही, कारण चित्र नंतर पुन्हा ताणलेलं असू शकतं. पण मग कडेच्या दुमडीवर जुन्या खिळ्यांची भोकं आणि त्यांच्याभोवती गंजाची तपकिरी कडी दिसायला हवीत. एकाच जागी एकच भोक आणि त्यात नवा खिळा असेल, शिवाय चौकट शंभर वर्षं जुनी असेल, तर कॅनव्हास आणि चौकट यांची सोयरीक अलीकडे जुळवलेली आहे.

कॅनव्हासचा रंग बघा. हवा आणि उजेड लागून कापड हळूहळू तपकिरी होतं. पण चौकटीच्या पट्ट्यांमागे जिथे हवा पोचत नाही तिथे ते फिकटच राहतं. पाचर सैल करून पट्टी जराशी उचलली, की फिकट आणि गडद यांच्यामधली ती सीमारेषा दिसते. चहात किंवा रंगाच्या पाण्यात बुडवून म्हातारं केलेलं कापड पट्टीमागेही तितकंच तपकिरी असतं. खालच्या पट्टीच्या आणि कापडाच्या फटीत दशकांची धूळ, रंगाचे कण, पडलेली खिळ्यांची टोकं साठलेली असतात. ही जागा अगदी स्वच्छ असेल, तर ती कोणी आणि कधी स्वच्छ केली हे विचारावं.

पाठीवरचा एक आकडा चित्राचं नशीब कसा पालटतो, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. नॉर्वेतल्या एका उद्योगपतीला कोणीतरी सांगितलं की त्याच्याकडचं व्हॅन गॉगचं चित्र नकली आहे, आणि ते माळ्यावर गेलं. 1991 साली मालकांनी ते अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमला दाखवलं, तर म्युझियमनेही ते नाकारलं, सही नव्हती. पुढे त्याच म्युझियमच्या अभ्यासकांनी ते पुन्हा हातात घेतलं आणि 2013 साली ते अस्सल असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात चित्र बदललं नव्हतं. पण 5 जुलै 1888 च्या पत्रात व्हॅन गॉगने भाऊ थिओला सांगितलेला देखावा, सूर्यास्त, खडकाळ माळ, खुरटी ओकची झाडं, टेकडीवरचे भग्नावशेष, या चित्राशी जुळला. रंगद्रव्यं त्याने दक्षिण फ्रान्समधल्या आर्लमध्ये काढलेल्या इतर चित्रांतल्या रंगांशी जुळली. आणि कॅनव्हासच्या मागे 180 हा आकडा होता. थिओच्या संग्रहाची 1890 साली जी यादी केली होती, तिच्यातलं 180 क्रमांकाचं चित्र हेच होतं. पत्र, रंग आणि आकडा हे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले, एकमेकांना न ओळखणारे साक्षीदार. भक्कम अभिप्राय असाच उभा राहतो. आणि नकारही अंतिम नसतो, हेही त्यातून कळतं.

हेच उलट्या बाजूने. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रकारांच्या नावावर नवी चित्रं काढली. अस्तित्वात असलेल्या चित्रांच्या नकला त्याने केल्या नाहीत. जुन्या नोंदींमध्ये नुसतं नाव उरलेलं आणि फोटो उपलब्ध नसलेलं चित्र शोधायचं आणि ते रंगवायचं, ही त्याची रीत. पाठीवर तो आल्फ्रेड फ्लेश्टहाइम या प्रसिद्ध संग्राहकाच्या नावाचं लेबल चिकटवायचा, त्यावर फ्लेश्टहाइमचा लाकडी ठशासारखा चेहरा. पुरावा म्हणून त्याच्या बायकोने आजीसारखे कपडे घालून, मागे भिंतीवर ती चित्रं टांगून, जुन्या कागदावर कृष्णधवल फोटो काढून घेतले. माक्स अर्न्स्टच्या कामाचे मान्यवर अभ्यासकसुद्धा फसले. फ्लेश्टहाइमचा व्यवहार अभ्यासलेल्या जाणकाराने मात्र लेबल बघताच ओळखलं की असं लेबल त्याने कधी वापरलंच नव्हतं. दुसरा घाव रसायनशास्त्राने घातला. हाइन्रिश कांपेंडोंकच्या नावावरचं, 1914 साल घातलेलं एक चित्र 2006 साली 28 लाख 80 हजार युरोंना विकलं गेलं होतं. त्यात टायटॅनियम व्हाइट सापडला. हा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती पहिल्या महायुद्धानंतर आला. बेल्ट्राकी नेहमी आपला रंग स्वतः मळायचा, त्या वेळी त्याने झिंक व्हाइटची तयार ट्यूब वापरली आणि ट्यूबवर न छापलेला टायटॅनियम तिच्यात होता. 2011 साली त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

प्रयोगशाळेबद्दल लोकांची अपेक्षा रक्ततपासणीसारखी असते, की नमुना दिला आणि नाव हातात आलं. तसं होत नाही. प्रयोगशाळा 'नाही' हे ठामपणे सांगू शकते, 'हो' म्हणू शकत नाही. ती म्हणते, 'या चित्रात 1914 साली नसलेलं काही सापडलं नाही.' तेवढ्याने चित्र कांपेंडोंकचं होत नाही. 1914 साली रंग विकत घेणाऱ्या कोणाचंही ते असू शकतं. तरीही हा 'नाही' अमोल आहे, म्हणून रंगांच्या जन्मतारखा ठाऊक असाव्यात. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात आला, कोबाल्ट ब्लू 1802 च्या सुमारास, कृत्रिम अल्ट्रामरीन 1820 च्या दशकाच्या अखेरीस, थॅलो ब्लू 1935 साली. लेड-टिन यलोची गोष्ट उलटी: सतराव्या शतकात सर्रास वापरला जाणारा हा पिवळा 1750 नंतर विसरला गेला आणि 1940 च्या दशकापर्यंत कोणाला त्याची आठवण नव्हती. म्हणजे 1900 साली बसून सतराव्या शतकातलं चित्र बनवणाऱ्याला हा रंग वापरायचं सुचणारच नाही.

तपासणीचा क्रम साध्यापासून अवघडाकडे जावा. आधी तिरका उजेड: टॉर्च चित्राच्या कडेला जवळजवळ समांतर धरला की रंगाचे उंचवटे, खालच्या जुन्या चित्राचे फटकारे, पुन्हा भरलेली भोकं उघडी पडतात. मग अतिनील प्रकाश: जुनं नैसर्गिक वॉर्निश हिरवट पिवळं उजळतं आणि त्याच्यावर नंतर लावलेला रंग काळ्या डागांसारखा दिसतो. सही काळी, तरंगल्यासारखी दिसली तर ती वॉर्निशच्या वर आहे, म्हणजे नंतरची. अतिनील प्रकाश अडवणारी वॉर्निशंही मिळतात, त्यामुळे सगळं चित्र एकसारखं हिरवट, धुकट दिसलं तर समाधान मानू नये. सहीची आणखी एक कसोटी भिंगाखाली होते. अस्सल जुन्या चित्रात भेग सहीला चिरत जाते, दोन्ही काठांवर सहीचा रंग तुटलेला दिसतो. भेगा पडल्यानंतर सही केली असेल तर रंग भेगेत उतरलेला असतो, जमिनीच्या भेगेत गाळ बसावा तसा. अभिप्रायाच्या भाषेतही हा फरक असतो. लिलावाच्या सूचीत 'स्वाक्षरी आहे' म्हणजे ती चित्रकाराची आहे असं त्यांचं मत, आणि 'स्वाक्षरी दिसते' म्हणजे ती इतर कोणी केलेली असावी. चित्रकाराच्या नावाआधी 'कार्यशाळेतील', 'वर्तुळातील', 'अनुयायी', 'शैलीत' यांपैकी एकही शब्द आला की अर्थ बदलतो. 'यांच्या शैलीत' आणि 'यांच्यावरून' म्हणजे काम बरंच नंतरचंही असू शकतं. सूचीच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत या शब्दांच्या व्याख्या असतात, आणि त्या करारासारख्याच बंधनकारक असतात.

त्यानंतर अवरक्त किरणांनी रंगाखालचं कोळशाचं रेखाटन, क्ष-किरणांनी शिशाच्या पांढऱ्या रंगाची ठेवण आणि कापडाची वीण पाहतात. क्ष-किरणांच्या प्रतिदीप्तीने, ज्याला सगळे एक्सआरएफ म्हणतात, रंगातली मूलद्रव्यं चित्राला हात न लावता कळतात. पण हे यंत्र सगळ्या थरांची सरमिसळ दाखवतं. टायटॅनियम दिसलं तर ते मूळ रंगातलं की तीस वर्षांपूर्वीच्या डागडुजीतलं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी टाचणीच्या टोकाएवढा, अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण आधीच असलेल्या भेगेच्या काठावरून घ्यावा लागतो. तो राळेत बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद बघितला की थर एकावर एक स्पष्ट दिसतात: अस्तर, रंग, वॉर्निश, मळ, आणि कधीकधी मळाच्या वर पुन्हा रंग. मळावर बसलेला रंग मूळ चित्रकाराचा असण्याची शक्यता फार कमी. म्हणून अहवाल वाचताना नमुना चित्रातल्या नेमक्या कुठल्या बिंदूतून घेतला, हे फोटोवर खूण करून दाखवलंय का ते बघावं. नसेल तर अहवालाचा निष्कर्ष कितीही सुबक छापलेला असो, तो पारखता येत नाही.

कार्बन-14 चाचणीने कापडाचं वय कळतं, पण ते वय ज्याच्या धाग्याचा कॅनव्हास विणला ते जवसाचं रोप कापलं गेल्याचं. जुन्या कापडावर आज रंगवलं तर चाचणी जुनंच साल सांगेल. उलट बाजूने मात्र ती निर्णायक ठरते. 1950 च्या दशकापासून झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण झपाट्याने वाढलं आणि त्यानंतर उगवलेल्या प्रत्येक रोपात त्याची खूण राहिली. व्हेनिसच्या पेगी गुगनहाइम संग्रहात फेर्नां लेजेचं म्हणून एक चित्र होतं, त्याच्याबद्दल अनेक वर्षं कुजबुज होती. 2014 साली इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच्या कापडाचा धागा तपासला. ते कापड 1959 च्या आधीचं असूच शकत नव्हतं, आणि लेजे 1955 साली वारला होता.

मालकीच्या साखळीबद्दल थोडं. चित्र चित्रकाराच्या हातून निघाल्यापासून आजपर्यंत कोणाकोणाकडे होतं, याचा क्रम म्हणजे प्रोव्हनन्स. त्यात नाव, गाव, साल आणि प्रत्येक दुव्याला निदान एक कागद हवा. 'एका खाजगी युरोपीय संग्रहातून' ही ओळ म्हणजे दुवा नाही. न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीने, जी 1846 पासून चालू होती, निनावी संग्राहकाच्या नावाखाली रोथको, पोलॉक, मदरवेल यांची म्हणून अनेक चित्रं विकली. ती सगळी एकाच चित्रकाराने आपल्या घरात काढलेली होती. एका 'पोलॉक'वर सहीतच स्पेलिंग चुकलं होतं. 2011 साली गॅलरी बंद झाली. त्यातला एक तपशील विसरता येत नाही. 83 लाख डॉलरला 'रोथको' घेणाऱ्या ग्राहकाला गॅलरीने पत्र लिहून ते चित्र ज्यांनी पाहिलंय अशा अकरा जाणकारांची नावं दिली होती. 'पाहिलंय' हा शब्द नीट वाचा. अस्सल आहे असं त्यांनी लिहून दिलं आहे, असा त्या शब्दाचा अर्थ होत नाही.

साखळीचे कागदही बनावट असू शकतात. 1980 आणि 90 च्या दशकांत लंडनच्या जॉन ड्रूने चित्रकार जॉन मायट याच्याकडून सुमारे दोनशे चित्रं करून घेतली. ती चित्रं सुमारच होती, मायटने साधा घरगुती भिंतीचा रंग वापरला होता. पण ड्रूने लंडनच्या टेट कलासंग्रहालयासारख्या संस्थांच्या अभिलेखागारात प्रवेश मिळवून तिथल्या जुन्या दस्तऐवजांमध्ये आपली बनावट पानं घुसवली. पुढे येणारा प्रामाणिक अभ्यासक तिथे शोध घ्यायचा आणि त्याला चित्राची नोंद सापडायची. 1999 साली ड्रूला सहा वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. विहिरीतच विष कालवलं तर घागर घासून काय उपयोग? तेव्हापासून जागरूक संस्था वाचकाला फाइल देताना पानं मोजतात. खरेदीदारानेही महत्त्वाची नोंद किमान दोन, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी तपासून घ्यावी, उदाहरणार्थ गॅलरीचं खातं आणि त्याच प्रदर्शनाची दुसऱ्या ग्रंथालयातली छापील पुस्तिका.

छापांचं, म्हणजे एकाच ठशावरून काढलेल्या क्रमांकित प्रतींचं, जग निराळं आहे आणि तिथे प्रमाणपत्रांचा पूर सर्वांत मोठा. 1974 साली फ्रान्सच्या सीमेवर साल्वादोर दालीने सह्या केलेले चाळीस हजार कोरे कागद पकडले गेले. सही खरी, वर काय छापायचं ते नंतर ठरणार! त्यामुळे दालीच्या छापात सहीवर नव्हे, कागदावर लक्ष द्यावं. 1980 साली आर्श आणि रीव्ह या कागदांच्या जलचिन्हात अनंताची खूण वाढवली गेली आणि त्याच सुमारास आजारपणामुळे दालीचं सही करणं थांबलं. कागद उजेडासमोर धरून ती खूण दिसली, तर सहीवर भरवसा ठेवू नये. कुठल्याही छापाला भिंग लावावं. लिथोग्राफमध्ये शाईचे अनियमित दाणे दिसतात. फुलाच्या पाकळ्यांसारखी रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली तर ते फोटोवरून केलेलं ऑफसेट छपाईचं पुनर्मुद्रण आहे, मग 23/100 असा आकडा पेन्सिलीने घातलेला असो किंवा नसो.

आता समित्यांकडे, म्हणजे ज्यांच्याकडून आपण अंतिम शब्दाची आशा धरतो. अँडी वॉरहॉलच्या कामांची तपासणी करणारं मंडळ नाकारलेल्या चित्राच्या पाठीवर 'डिनाइड' असा शाईचा शिक्का मारायचं. कारणं द्यायची नाहीत, असं धोरण होतं. एका चित्राच्या मालकाने 2007 साली दावा लावला. पुढे तो त्याने मागे घेतला, पण तोवर मंडळामागच्या फाउंडेशनचे जवळपास सत्तर लाख डॉलर वकिलांवर गेले होते. 2012 साली मंडळ बंद झालं. बास्कियाची आणि कीथ हेरिंगची समितीही त्याच वर्षी बंद झाली. पोलॉकची तर 1990 च्या दशकातच थांबली होती. आज कित्येक अभ्यासक लेखी मत द्यायला तयार नसतात, कारण 'हे खोटं आहे' असं म्हटलं की नोटीस येते. माझ्या मते याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. जाणत्याचं तोंड बंद झालं की जागा रिकामी राहत नाही. कोणताही अभ्यास नसलेले, शुल्क घेऊन 'हो' म्हणणारे तिथे येऊन बसतात. म्हणून अभिप्राय देणाऱ्याचं शुल्क कसं ठरलंय, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. ठरावीक रक्कम, उत्तर काहीही येवो, हे योग्य. चित्राच्या किमतीची टक्केवारी असेल तर उत्तर आधीच ठरलेलं असतं.

संगणकाकडूनही लवकर सुटका नाही. 'द ब्रेसी टोन्डो' नावाच्या गोल चित्राबद्दल 2023 साली ब्रिटनमधल्या एका संशोधक गटाच्या प्रणालीने सांगितलं की त्यातल्या मॅडोनाचा चेहरा राफाएलच्या 'सिस्टीन मॅडोना' या चित्रातल्या चेहऱ्याशी 97 टक्के जुळतो, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या दुसऱ्या प्रणालीने ते राफाएलचं नसण्याची शक्यता 85 टक्के सांगितली. प्रणालीला शिकवताना कुठली चित्रं अस्सल म्हणून दिली, यावर तिचं मत अवलंबून असतं, आणि ती यादी शेवटी माणसांनीच केलेली असते. ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामायिक वहीतल्या, नोंदी पुसता येत नाहीत हे खरं. पण खोटी माहितीही तिथे तितकीच न पुसता येणारी राहते, आणि नोंद व कॅनव्हास यांना बांधणारी दोरी तिथेही तीच, भेगांचा आणि पाठीचा चांगला फोटो.

पैसे देण्याआधी प्रमाणपत्रावर ज्याचं नाव आहे त्याला किंवा त्या संस्थेला थेट पत्र लिहावं. पत्ता प्रमाणपत्रावरून घेऊ नये, स्वतंत्रपणे शोधावा. चित्राचे पुढचे, मागचे, चारही कडांचे आणि सहीचे फोटो जोडून एकच विचारावं, की हा कागद तुम्ही याच वस्तूसाठी दिला होता का? विक्रीच्या करारात चित्रकाराचं नाव पूर्ण लिहून घ्यावं आणि हमी किती वर्षांची आहे, कोणाच्या मतावर ती लागू होते, पैसे परत कोण देणार, हे नमूद करावं. मोठ्या लिलावगृहांत साधारण पाच वर्षांची मुदत असते. 'मिळालेल्या माहितीनुसार' हे शब्द करारात असतील तर ते काढायला सांगावं, आणि विक्रेता ते काढत नसेल तर व्यवहार थांबवावा.

आणि चित्र घरी आलं, की फ्रेमवाल्याकडे देण्याआधी पाठीचे फोटो स्वतः काढून ठेवावेत, पट्ट्यांच्या फटींसकट. जुनी लेबलं, खडूचे आकडे, गंजलेले खिळे हे सगळं बहुतेक वेळा तिथेच नाहीसं होतं, मागे नवा, स्वच्छ पुठ्ठा ठोकताना.